दिसतं, पण परवडत नाही : मुलांचं लैंगिक शोषण, घर आणि आपण

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे. यातल्या मुलांची आणि कुटुंबांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



संयोजकांनी मला दिलेला विषय असा आहे : ‘मुलांचं लैंगिक शोषण पालकांनी कसं ओळखावं आणि मदत कुठे मागावी’. विषय गरजेचा आहे. पण सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. या विषयावर मी दहा-बारा वर्षं वस्त्यांमधून बोलते आहे आणि त्यातली पहिली काही वर्षं मी चुकीचं बोलत होते. माहिती चुकीची नव्हती, ती पुस्तकात असते तशीच होती. चुकीचं होतं ते माझं गृहीत.

एम. एस. डब्ल्यू. होऊन मी नुकतीच कामाला लागले होते. खांद्यावर पिशवी, पिशवीत तक्ते. ‘ही लक्षणं दिसली तर सावध व्हा’ असं सांगत मी वस्त्यावस्त्यांतून फिरत असे. एका दुपारी बालवाडीच्या खोलीत पंधरा-वीस बाया जमल्या होत्या. कार्यक्रम संपला, बाया पांगल्या, एक बाई मागे राहिली. सतरंजी झटकायला मला मदत करू लागली. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, तुमी आज जे सांगितलं ना, त्यातलं निम्मं माझ्या पोरीत हाय. मला काय आज कळलं असं नाही. ठावं होतं. पण खोली त्याच्या नावावर हाय. मी तोंड उघडलं तर उद्या आमी रस्त्यावर. मग पुढं काय, ते बी सांगा की.”

‘पुढं काय’ याचं उत्तर माझ्या तक्त्यावर नव्हतं. मी तिला चिठ्ठीवर हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. ‘घाबरू नका, फोन करा’ म्हटलं. कायद्याप्रमाणे मी त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण ‘बाईची तयारी होऊ दे, घाई नको’ असं मी स्वतःला समजावलं. आठवड्यानं गेले तर खोलीला कुलूप. शेजारणी म्हणाल्या, गावाकडे गेले. कुठलं गाव ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. मग मी १०९८ ला कळवलं, पोलिसांनाही सांगितलं. पण पत्ताच नव्हता, तर जाणार कुठे? ती मुलगी तेव्हा नऊ वर्षांची असेल. आज ती कुठे आहे, कशी आहे, मला माहीत नाही.

माझं गृहीत असं होतं, की घरच्यांना दिसत नाही म्हणून शोषण चालू राहतं, दाखवून दिलं की थांबेल. त्या बाईनं मला शिकवलं ते वेगळंच. बऱ्याच घरांत ते दिसतं, पण दिसलेलं परवडत नाही. पाहिलं असं मान्य केलं की भाडं, रेशन, नवरा, सासर, मुलीचं लग्न, सगळंच पणाला लागतं. म्हणून बाई नजर वळवते. तिच्या जागी आपण असतो तर वेगळं केलं असतं, असं छातीठोकपणे सांगणारी इथे कुणी असेल तर तिनं हात वर करावा. मी तरी करणार नाही.

म्हणून आज ओळखावं कसं हे सांगेनच, पण त्याहून जास्त बोलणार आहे ते ओळखल्यानंतर त्या घराला उभं कसं ठेवायचं यावर.

अनोळखी माणसाची भीती

आपण मुलांना काय शिकवतो? ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको.’ चांगलं आहे. पण केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणखी एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. अत्याचार झालेल्या त्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. ‘मुलाला काय होतंय’ म्हणून आपण मुलग्यांकडे बघतच नाही.

म्हणजे आपण पहारा देतो तो पुढच्या दाराला, आणि माणूस तर आधीच घरात बसून चहा पितोय.

तो घरात येतो कसा, हे नीट समजून घ्या. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत त्यानं आधी घर जिंकलं आणि मग मूल. आजारपणात पैसे दिले. खोलीचं डिपॉझिट भरलं. गॅसचं सिलिंडर आणून दिलं. बाई कामावर गेली की ‘मी बघतो पोरांकडे’ म्हणाला. जत्रेला नेलं, मोबाइलचं रिचार्ज मारलं, फुकट शिकवणी घेतली. घर त्याच्या उपकाराखाली आलं. मग मुलाशी छोटी छोटी गुपितं सुरू झाली. ‘हे आईला सांगू नको हं, आपल्या दोघांचंच.’ मूल सांगतं की नाही, हे त्यानं तपासून पाहिलं. सांगत नाही असं दिसल्यावर तो एकेक पाऊल पुढे गेला. शेवटी धमकी. पण ती दर वेळी मारायची नसते. ‘आईला सांगितलंस तर आई रडेल’, ‘मी तुमच्या घरी आलो नाही तर तुम्ही खाणार काय?’ आठ वर्षांचं मूल हा हिशोब बरोबर करतं आणि घर वाचवायला गप्प बसतं.

मोबाइलवर चालतं तेही याच रीतीनं, फक्त जास्त वेगानं. खेळातली ओळख, गोड बोलणं, ‘तुझे आईबाबा तुला समजून घेत नाहीत’, मग एक फोटो, आणि फोटो हातात आला की, ‘अजून पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो’. काही वेळा पैशांची मागणी होते. तेरा-चौदा वर्षांचे मुलगे यात सापडलेले मी पाहिले आहेत. एकानं आईच्या डब्यातले बचत गटाचे पैसे चोरले. घरी सगळ्यांनी त्याला चोर ठरवून बडवलं. त्यानं पैसे का चोरले, हे विचारायला तीन आठवडे लागले.

आपण घरात एक धमकी सर्रास देतो, ‘परत काही केलंस तर मोबाइल काढून घेईन’. ही धमकी त्या पलीकडच्या माणसाच्या कामाची आहे. सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच, हे आपणच मुलाला पढवून ठेवलेलं असतं.

ओळखायचं काय, तर बदल

लक्षणांची लांबलचक यादी पाठ करू नका. एकच शब्द लक्षात ठेवा : बदल. अंथरूण ओलं करणं थांबलेलं मूल पुन्हा करू लागतं. एका ठरावीक घरी जायचं म्हटलं की रडतं. शिकवणीच्या वारीच पोट दुखतं. लघवीला जळजळ, चालताना त्रास, कपड्यांवर डाग. वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं, बाहुल्यांशी तसले खेळ. कुठून आले ते सांगता न येणारे पैसे किंवा वस्तू. रात्री मोबाइल पांघरुणात, कुणी आलं की पटकन पालथा. बोलकं मूल घुमं होतं, गरीब मुलगा मारामाऱ्या करू लागतो.

यातलं एखादं दिसलं म्हणजे शोषणच, असं नाही. पोट जंतांनीही दुखतं. आणि काहीच दिसत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. वर्गात पहिल्या येणाऱ्या, हसतमुख मुलीनं चार वर्षं सोसलेलं मी पाहिलं आहे. म्हणून यादीपेक्षा महत्त्वाचं काय, तर मुलाला आपल्याशी बोलता यावं असं वातावरण. अवयवांची नावं मुलांना न लाजता सांगा. ‘शू करायची जागा’ एवढीच शब्दसंपत्ती असलेलं मूल सांगणार तरी काय? आणि ‘काकांना पापी दे’ अशी जबरदस्ती करू नका. मूल ‘नको’ म्हणालं तर घरातल्या मोठ्यांनी तो नकार ऐकायचा, हा सराव घरातच झाला पाहिजे.

इथे आपल्याच समाजाबद्दल एक कडू गोष्ट बोलते. आपल्याला शोषण ओळखायची घाई कधी होते? सतरा वर्षांची मुलगी दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर दिसली की. तेव्हा अख्खी गल्ली पोलीस ठाण्यावर जाते. अठराच्या आत मुलीची संमती कायदा मानत नाही, हे तेव्हा सगळ्यांना पाठ असतं. पण चुलता, आतेभाऊ, भजनी मंडळातला बुवा, शिकवणीचा मास्तर असला की तीच गल्ली म्हणते, ‘घरातलं घरात मिटवा’. आपलं काम मुलीला सांभाळण्याचं आहे, घराण्याची अब्रू सांभाळण्याचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कार्यकर्तीला सतत स्वतःला बजावावं लागतं.

पहिली पाच मिनिटं

मूल सांगतं तेव्हा ते तयारी करून, योग्य वेळ बघून सांगत नाही. भांडी घासताना, अर्धवट वाक्यात सांगतं. ‘मला त्या दादाकडे नाही जायचं.’ बस, एवढंच. त्या क्षणी आपण काय बोलतो त्यावर पुढचं पुष्कळ ठरतं.

आपल्या तोंडून पटकन काय निघतं? ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘तू तिथं गेलीसच कशाला?’, ‘खरं सांगतेयस ना?’ राग आपल्याला त्या माणसाचा आलेला असतो, पण मुलाला तो स्वतःवरचा वाटतो. त्याऐवजी तीन वाक्यं घोकून ठेवा : ‘तू सांगितलंस हे फार बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही.’ हे मी आयांकडून मोठ्यानं म्हणवून घेते. हसतात, लाजतात, पण वेळेला तेच उपयोगी पडतं.

‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला सांभाळण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन’ असं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला. आई, मग मावशी, मग शाळेतल्या बाई, मग गटाची अध्यक्ष, असं दहा जणींसमोर त्याला बोलायला लावू नका. त्या माणसाच्या घरी जाऊन तमाशा करू नका. राग समजू शकते, पण तो पळतो, नाहीतर पुरावा नाहीसा करतो, नाहीतर तुमच्यावरच केस करतो.

घटना ताजी असेल तर मुलाला अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लॅस्टिकमध्ये नाही, कागदात गुंडाळून ठेवा. दवाखान्यात लवकर पोचा. पहिल्या ७२ तासांत पोचलं तर गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याची औषधं देता येतात. उशीर झाला असेल तरीही जाच, उपचार तर हवेतच.

मोबाइलचं प्रकरण असेल तर काही पुसू नका, फोन तसाच ठेवा, समोरच्याचं नाव-नंबर लिहून घ्या. पैसे पाठवू नका, दिले की मागणी वाढतेच. आणि कृपा करून ते फोटो ‘पुरावा’ म्हणून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. मुलांचे असे फोटो पाठवणं हा गुन्हा आहे. अशी चित्रं-चित्रफिती नुसत्या पाहणं, बाळगून ठेवणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन पोलिसांकडे द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अशा चित्रांबद्दल नाव न सांगताही तक्रार करता येते. पसरलेले फोटो थांबवण्यासाठी ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. त्यात मुलाला फोटो कुणाकडे द्यावा लागत नाही, फोटोची फक्त एक सांकेतिक खूण पाठवली जाते आणि त्या सेवेत सामील झालेल्या कंपन्या तिच्यावरून तो फोटो शोधून काढतात.

कायदा आपल्या हातात घेऊन चला

बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण ‘पोक्सो’ म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांच्या आतली मुलगी असो वा मुलगा, दोघांनाही तो लागू होतो. पोलीस ठाण्यात जाताना आपल्याला काय मागायचा हक्क आहे, हे माहीत असलं की पाय कमी थरथरतात. म्हणून सांगते.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि गणवेशात नाही. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत हवी. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची. तक्रार नोंदली गेली नसली तरी तपासणी होऊ शकते. उपचार मोफत मिळाले पाहिजेत, खासगी दवाखान्यातसुद्धा. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापता येत नाही. कोर्टात मूल आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी न्यायालयानं घ्यायची, आणि त्याला उलटसुलट, अपमान होईल असे प्रश्न विचारू द्यायचे नाहीत. खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून कुटुंबाला खोटी आशा लावू नका.

आता आपल्या सगळ्यांना अवघड जाणारी गोष्ट. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल त्यानं ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. आई म्हणते, ‘ताई, तुमच्यावर विश्वास टाकला, आता तुम्हीच मला उघडं पाडता’. काय करायचं? मी आता एक करते. बाई बोलायला सुरुवात करते तेव्हाच सांगते, ‘मावशी, मुलाच्या बाबतीत असं काही असेल तर मला ते कळवावंच लागेल. पण मी नुसती कळवून घरी जाणार नाही. तुमच्यासोबत येईन.’ काही बाया तिथेच थांबतात. दोन-चार दिवसांनी पुन्हा येतात. पण फसवलं असं म्हणत नाहीत.

मुलीला दिवस गेले असतील तर वेळ घालवू नका. २०२१ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. आणि मुलीनं व तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं आहे. नाव पुढे येईल या भीतीनं वैदूकडे जाणाऱ्यांना हे सांगा.

मग भाडं कोण देणार?

आता पुन्हा त्या बाईच्या प्रश्नाकडे येते.

१०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून तो सुरू झाला, २०२३ पासून सरकार चालवतं. जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. गुन्हा कळल्यापासून २४ तासांत पोलिसांनी या समितीला कळवायचं असतं. समिती कुटुंबाला एक ‘सहायक व्यक्ती’ देऊ शकते. ती जबाबापासून निकालापर्यंत सोबत असते. आणि ही गोष्ट मला तेव्हा माहीत असती तर? अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समितीनं शिफारस केली तर आठवड्याच्या आत पैसे द्यायचे, असं २०२० चे नियम म्हणतात. न मागता ते मिळत नाहीत. अर्ज लिहून, पोच घेऊन, पुन्हा जाऊन मागावे लागतात. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. वकीलही तिथूनच मोफत मिळतो. राहण्याची अडचण असेल तर सखी केंद्र म्हणजे वन स्टॉप सेंटर, तिथे अठराच्या आतल्या मुलींनाही मदत मिळते.

पण कागदावरची मदत पोचेपर्यंतचे पंधरा दिवस, महिना, तो आपला. एका वस्तीतलं सांगते. अकरा वर्षांची मुलगी, माणूस वडिलांचा चुलतभाऊ. खोलीचं डिपॉझिट त्यानंच भरलेलं. आई आमच्या बचत गटातली. तिनं सांगितलं त्या रात्री गटाच्या पाच जणी बसल्या. एकीनं माळा रिकामा करून मायलेकींना झोपायला दिला. दुसरी चार घरची कामं करायची, त्यातली दोन तिला लावून दिली. तिसरी ठाण्यात बरोबर गेली आणि सहा तास बाकावरून हलली नाही. चौथीनं वडिलांना समजावायला आपल्या नवऱ्याला पाठवलं, कारण आमचं ते ऐकेनात. हे मला तिच्याकडून शिकायला मिळालं. आपण सगळं आयांनाच सांगत बसतो, बापांशी बोलतच नाही. पाचवीनं वस्तीत सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं ठरवलं, ‘केस कोर्टात हाय, आमाला बोलायचं नाही’. मुलीचं नाव तिनं कुणाच्या तोंडून निघू दिलं नाही.

निकाल लागला तेव्हा मुलगी दहावीत होती. त्याला शिक्षा झाली. मी आईला म्हटलं, ‘जिंकलात तुम्ही.’ ती म्हणाली, “ताई, तो तुरुंगात गेला खरा. पण माझे सण गेले. दिवाळीला सासरचं कुणी येत नाही.” ही किंमत खरी आहे. आपण ती नाकारू नये. त्या पाच जणी दर दिवाळीला तिच्याकडे फराळाला जातात, मीही जाते.

कुणाला वाटेल, हा गरिबीचा प्रश्न झाला. नाही. बंगल्यातही परवडत नाहीच. तिथे भाड्याच्या जागी घराण्याचं नाव असतं, धंद्यातली भागीदारी असते. पण गरिबी निर्णय घ्यायला वेळ देत नाही, हे खरं. शोषणाचे बाकीचे प्रकार बघा. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची मुलं मेंढपाळांकडे राबायला ठेवली होती, हे एका दहा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं. मोबदला काय, तर थोडे पैसे आणि एखादं मेंढरू. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. त्या आईबापांना लेकरू प्यारं नव्हतं असं म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्या झोपडीत चूल पेटते का, ते बघून यावं.

म्हणून पाळणाघर, वस्तीतला उजेड असलेला संडास, बाईच्या नावावर खोली, तिच्या कामाला नीट मजुरी, या मागण्या मुलांच्या सुरक्षिततेच्याच मागण्या आहेत. ‘आई काय करत होती?’ हा प्रश्न ठाण्यात, शाळेत, गल्लीत सगळे विचारतात. आई दहा तास कामावर होती. तेव्हा मुलं सांभाळायला कोण होतं, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे.

आपल्या चळवळीलाही हे नवं नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झालेली मथुरा ही मजुरी करणारी आदिवासी मुलगी होती, जेमतेम चौदा-सोळा वर्षांची. तिच्या अंगावर जखमा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, आणि १९८० साली बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. ज्या प्रकरणातून आपण उभ्या राहिलो तेही एका मुलीचंच होतं.

तर घरी परत गेल्यावर प्रत्येक गटानं चार गोष्टी करा. एक, आपल्या भागातलं ठाणं, बाल कल्याण समिती, विधी सेवा प्राधिकरण आणि सरकारी दवाखाना इथे एकदा तरी स्वतः जाऊन या. गरज पडण्याआधी. दोन, अशा वेळी मायलेकरांना आठवडाभर ठेवता येईल असं एक घर ठरवून ठेवा. तीन, गटाच्या शिलकीतून थोडी रक्कम याच कामासाठी बाजूला ठेवा, तिचा हिशोब वेगळा ठेवा, पण नावं वहीत लिहू नका. चार, ठाण्यात सोबत कोण जाणार, त्या दोघींची नावं आजच ठरवा.

तक्ते मी आजही नेते. पण चिठ्ठीवर नंबर लिहून देणं मी बंद केलं आहे. नंबर लावून देते आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत तिथेच बसते.

आता तुम्ही बोला. प्रश्न विचारायला संकोच वाटत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या ओसरीवर आहे.